साखरेची गोष्ट पाळण्याच्याही आधीची
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आरोग्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आपल्यापैकी किती जणांच्या खिशात साखरेच्या गोळ्या आहेत, हे मघाशी पंगतीत कळलंच! म्हणून गोळ्यांवर बोलत नाही. हा आजार सुरू कुठून होतो, ते सांगतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायका काय खातात, किती कष्ट करतात, याची त्यांनी नोंद ठेवली. जन्मलेल्या मुलांना सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासलं. फिलिपाइन्समधल्या सेबू इथंही १९८३ पासून तीन हजारांवर मुलांचा असाच माग ठेवला गेला. या कामाला एक अख्खी पिढी लागते. गुरुजींना हे वेगळं सांगायला नको. पहिलीतलं पोर पुढं कसं निघेल, हे त्याच वर्षी कुणाला कळतं?

पुण्याकडची ती बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. हातापायांवर मांस कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकलेली. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. दोन तृतीयांश आयांमध्ये ‘बी-१२’ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आया पालेभाज्या, फळं जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं वजनानं चांगली होती. ज्यांना शेतातले आणि पाणी भरण्याचे कष्ट फार, त्यांची लहान.

हीच मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा शंभरातल्या ३७ मुलग्यांची आणि १८ मुलींची साखर जास्त निघाली. त्यांतले बहुतेक अंगानं बारीकच. बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, पण पाऊल त्या वाटेवर पडलं होतं.

मित्रहो, ती गावं आपल्या गावांहून फार वेगळी नाहीत. आपल्याकडंही घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर उरलेली भाकरी खाते. दूध डेअरीला जातं, राहिलेलं चहाला. अंबाडीची भाजी गडीमाणसांच्या ताटात आधी पडते.

म्हणून एवढंच मागणं आहे. लेकीचं, सुनेचं ताट आधी वाढा. तिला दिवस जाण्याची वाट न पाहता, वयात येतानाच दूध-दही, पालेभाजी द्या. चालत असेल त्या घरी अंडी-मासे द्या. रक्त तपासून घ्या. आणि मुलगा बारीक आहे, त्याला कशाची साखर, असं म्हणू नका. वजनासोबत पोटाचा घेर मोजा, त्याला मैदानावर पाठवा.

आपल्या गुरुजनांनी वर्षानुवर्षं आपल्यावर नजर ठेवली, म्हणून आपण आज इथं उभे आहोत. तेवढीच नजर आता आपण पुढच्या पिढीच्या ताटावर ठेवू या.