मालाचं विमान आणि जमिनीवरचा माणूस

(हैदराबादच्या मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘मालवाहू विमान कंपन्यांत फ्लाइट डिस्पॅचरची नोकरी’. पुढच्या दोन रांगांत कॉलेजची मुलं बसली आहेत, म्हणजे बसवलेली दिसतात. (हशा) मागे त्यांचे आईवडील आहेत आणि त्यांना पगार किती एवढंच ऐकायचंय. तेही सांगतो, पण शेवटी. आत्ताच सांगितलं तर अर्धं सभागृह इराणी चहाला जाईल.

विमान का उडतं, वेधशाळा काय करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डिस्पॅचर काय करतो तेवढं सांगतो. विमान सुटायच्या आधी तो कंट्रोल रूममध्ये बसून मार्ग आखतो, वारे बघतो, कुठली धावपट्टी कधी बंद आहे त्याच्या सूचना, म्हणजे नोटॅम, वाचतो आणि इंधन काढतो. धावपट्टीपर्यंत जायला लागणारं, प्रवासाचं, त्यावर साधारण पाच टक्के अडीअडचणीचं, मुक्कामी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि तिथं पोचल्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. हे शेवटचं कुणी हात न लावण्यासाठी. मग टाकी भरूनच टाका ना, असं आमचे शेजारी नेहमी म्हणतात. पण इंधनालाही वजन असतं. जादा भरलेल्यातलं तासाला तीन-चार टक्के नुसतं स्वतःला वाहून नेण्यात जळतं. शिवाय विमान वजनाच्या मर्यादेला टेकलेलं असेल, तर एक टन इंधन वाढलं की एक टन माल खाली उतरतो. आणि त्या मालाचा मालक फोनवर असतोच!

हे सगळं आता कॉम्प्युटर करतो ना, असं मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला विचारलं. ते इथंच बसलेत, नाव घेत नाही. (हशा) हो, करतो. मार्ग काढतो, इंधन काढतो. पण जानेवारीची पहाट घ्या, विमान दिल्लीहून इथं यायचंय. शमशाबाद विमानतळाच्या हवामानाच्या ओळीत वारा शून्य, तापमान १७, दवबिंदू १५. तासाभरानं तापमान १६, दवबिंदू १५. आकडे नियमात बसतात, कॉम्प्युटर हिरवा दिवा दाखवतो. पण हे दोन आकडे एकमेकांना भिडायला निघालेत, वारा नाही, आकाश निरभ्र आहे आणि सूर्योदयाला अजून दोन तास आहेत. आणखी तासाभरात १५ आणि १५, आणि धुक्यात समोरचा दिवाही दिसायचा नाही. तेव्हा बंगळूरपर्यंतचं इंधन घ्यायचं की नागपूरपर्यंतचं, की विमान तासभर दिल्लीलाच बसवून ठेवायचं, हे माणसानं ठरवायचं असतं. ‘थांबा’ म्हणायचं काम यंत्राला जमत नाही. मी आज जे सांगायला आलोय ते खरं म्हणजे एवढंच आहे, बाकी नोकरीबिकरी सगळं त्याच्या मागून येतं.

मालाच्या विमानात हे ‘थांबा’ जास्त अवघड असतं. प्रवासी ओरडतात, ट्विट करतात, काउंटरवर भांडतात. खोका काही म्हणत नाही. खोक्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं. १ जून २०२१ ला रशियाहून स्पुटनिक लशीचा ५६.६ टनांचा साठा आपल्या शमशाबादला उतरला. ही लस उणे २० अंशांत ठेवायची. समजा, त्या रात्री इथं वादळ असतं, तर पर्यायी विमानतळावर नुसती लांब धावपट्टी असून भागलं असतं का? शीतगृह हवं, वरच्या डेकवरून माल उतरवणारी यंत्रं हवीत. हा विचार विमान सुटायच्या आधी करावा लागतो. हैदराबाद औषधांचं गाव आहे, इथल्या डिस्पॅचरला हे पाठ असायला हवं.

आता नागपूर. विषयात नागपूर नाही, मला माहीत आहे. (हशा) दोनच मिनिटं.

१९४९ साली आपल्या टपालखात्यानं रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू केली. रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री होते आणि त्यांचा यावर भारी जीव. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी डाकोटा विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर येऊन उभी राहायची. तिथं पोत्यांची अदलाबदल. मद्रासची पत्रं दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात, आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत! त्याच सुमारास आपल्या बेगमपेटला निजाम सरकार आणि टाटांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज होती, तिच्याकडेही डाकोटाच. १९५३ मध्ये ती इतर कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आता हे बघा, अमेरिकेत फेडेक्सनं मेम्फिसहून नागपूरसारखीच रात्रीची सेवा सुरू केली ती १९७३ ला. चोवीस वर्षांनंतर! जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गांत मेम्फिस शिकवतात. फेडेक्सचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी स्वतः भारतीय टपालखात्याचा दाखला दिलेला आहे. आपण मात्र नागपूरला संत्री घ्यायला उतरतो. (टाळ्या. मागच्या बाजूनं ‘वऱ्हाडाचा विजय असो’.)

टाळ्या वाजवणारे सगळे वऱ्हाडी आहेत, नांदेडवाले हात बांधून बसलेत. बरं, तुमच्यासाठी सांगतो, २००९ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी डेक्कन ३६० ही माल कंपनी काढली, तिचंही केंद्र नागपूरच. पण २०११ मध्ये ती बंद पडली. तेव्हा वऱ्हाडवाल्यांनो, फार फुगू नका.

मी नागपूर काढलं ते अभिमानासाठी नाही. काय अध्यक्षमहाराज, हसताय? थोडं अभिमानासाठी. पण मुद्दा वेगळा आहे. चारपैकी तीन विमानं आली आणि मद्रासचं आलं नाही, तर काय करायचं? थांबायचं, की तिघांना सोडायचं? थांबलात तर तीन शहरांची डाक उशिरा, सोडलंत तर मद्रासची चुकली. प्रत्येक रात्री हाच प्रश्न. मालाच्या विमानांचा अख्खा धंदा आजही याच प्रश्नावर उभा आहे, कारण मध्यरात्री एका जागी जमून माल बदलायचा ही रीत तीच आहे.

चिठ्ठी आली. ‘१० मिनिटे’. म्हणजे नागपूरनं वीस खाल्ली. एकच घटना सांगतो, मग नोकरी.

१४ ऑगस्ट २०१३. यूपीएस कंपनीचं एअरबस ए-३०० मालवाहू विमान लुइव्हिलहून बर्मिंगहॅमला निघालं, अमेरिकेतल्या अलाबामातलं बर्मिंगहॅम. तिथली बारा हजार फुटांची मोठी धावपट्टी दिव्यांच्या दुरुस्तीसाठी पहाटे चार ते पाच बंद. उरली सात हजार फुटांची, आणि तिच्यावर उतरण्यासाठी उंचीचं मार्गदर्शन करणारं यंत्र नाही. ढग खाली. हे डिस्पॅचरला माहीत होतं. त्यानं कॅप्टनला फोन करून हे बोलून दाखवलं नाही. कागद दिलेले होते, नियम मोडलेला नव्हता. विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर आदळलं, दोघेही वैमानिक गेले. वेळ चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं. तेरा मिनिटांनी मोठी धावपट्टी उघडणार होती.

मुख्य चूक कॉकपिटमधलीच होती, चौकशीत तसं स्पष्ट आलं आहे. पण डिस्पॅचरच्या दरवर्षीच्या प्रशिक्षणात वैमानिकांनाही बसवा, दोघांत मोकळं बोलणं होऊ द्या, अशीही शिफारस चौकशी मंडळानं केली. आता गंमत बघा. अमेरिकेत प्रवासी नेणाऱ्या नियमित उड्डाणांसाठी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघंही कायद्यानं सारखेच जबाबदार. निव्वळ मालाच्या उड्डाणांना दुसरा नियम, तिथं जबाबदारी कॅप्टन आणि संचालन प्रमुखाची, डिस्पॅचरची सक्ती नाही. मोठ्या कंपन्या ठेवतात, ते आपणहून. म्हणजे आत माणसं बसली की जमिनीवर डिस्पॅचर हवाच, खोके बसले की नसला तरी चालेल! खोके नेणारे वैमानिक माणसं नाहीत का? ... नाही, मी चिडलेलो नाही. आवाजच असा आहे. (हशा)

आता नोकरी, भराभर. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. आपल्याकडे सरकारच्या विमान वाहतूक खात्याची, म्हणजे डीजीसीएची मान्यता लागते आणि तिथवरची वाट विमान कंपनीतूनच जाते. म्हणून आधी कुठल्या तरी कंपनीत शिरा. लोड कंट्रोल, रॅम्प, काहीही चालेल. शमशाबादला कामं आहेत. अ‍ॅमेझॉननं २३ जानेवारी २०२३ ला आपली मालविमानं इथूनच सुरू केली, क्विकजेटच्या बोइंग ७३७ नी. ब्लू डार्टची विमानं तर त्याच्या आधीपासूनच येतात. अमेरिकेचं डिस्पॅचर सर्टिफिकेट घ्यायला पुष्कळ जण जातात. किमान दोनशे तासांचा कोर्स, परीक्षा एकविसाव्या वर्षी देता येते, सर्टिफिकेट तेविसाव्याला हातात. त्यानं तिथं काम करायचा परवाना मिळत नाही आणि इथली मान्यताही आपोआप होत नाही, हे कोर्सवाले सांगत नाहीत. ‘हमखास नोकरी’ असं पाटीवर लिहिलेलं असेल तर त्या जिन्यावर चढू नका. रोज सकाळी शमशाबाद आणि नागपूरची हवामानाची ओळ वाचा, दुपारी काय होईल ते वहीत लिहा आणि संध्याकाळी ताडून बघा. वर्षभर केलंत तर मुलाखतीत कळतं.

पगार? सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या चुलतभावापेक्षा कमी. त्याच्याशी तुलना करायची असेल तर नका येऊ.

तिसऱ्या रांगेतल्या ताई विचारताहेत, मुलींना रात्रपाळी जमेल का. ताई, प्रेम माथुर या बाईंना वैमानिक म्हणून पहिली नोकरी दिली ती आपल्या बेगमपेटच्या डेक्कन एअरवेजनं, चाळीसच्या दशकात. तेव्हा जमेल का हा प्रश्न कंपनीला विचारा, मुलीला नको. पहाटे चारला पाळी सुटल्यावर गाडी दारापर्यंत सोडते की मेहदीपटणमच्या चौकात, हे मुलाखतीतच विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.

दुसरी चिठ्ठी आली. हौ, थांबतो.