हिलाही सव्वा महिना द्या

दुपारची भांडी आवरून, शेळ्यांना पाला टाकून तुम्ही रेडिओपाशी बसला असाल. सासूबाई, जाऊबाई जवळ असतील तर त्यांनाही हाक मारा. घरातली पुरुष माणसं असतील तर त्यांनीही थांबावं, कारण आजचं बोलणं त्यांच्याही कामाचं आहे.

आम्ही सांगोला तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर बचत गटांचं काम करतो. महिन्याच्या बैठकीत हप्ते, कर्ज, व्याज यांचा हिशेब मिटला की बाया दहा मिनिटं मनातलं बोलतात. त्यात एक विषय पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी हळू आवाजात येतो. पोट पडणं. कुणी म्हणतं, ‘दिवस गेले होते, पण राहिले नाहीत.’ कुणी नुसतं पदराला हात लावून गप्प होतं. दवाखान्यात काय झालं ते आज आम्ही सांगत बसणार नाही. तिथून घरी आल्यावरच्या दिवसांबद्दल आज बोलायचं आहे.

बाळंतीण घरी आली की काय करायचं, हे आपल्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असतं. अंग शेकायचं, डिंकाचे, अळिवाचे लाडू करायचे, कानाला रुमाल बांधायचा, सव्वा महिना जड काम सांगायचं नाही. माहेरचं माणूस येतं. शेजारीण झबलं-टोपडं घेऊन बघायला येते. पाचवी होते, बारसं होतं. पोट पडलेली बाई घरी आली की यातलं काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढं असते, आठव्या दिवशी डाळिंबाच्या बागेत रोजानं. घरची माणसं वाईट असतात म्हणून असं होतं असं नाही. अशा वेळी काय करायचं याची रीतच आपल्याकडं नाही, म्हणून होतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे, की हिलाही सव्वा महिना द्या. हे काही आमचं नवं खूळ नाही. कायद्यातच लिहिलंय, की गर्भपात झालेल्या नोकरदार बाईला दाखला दिल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. सहा आठवडे म्हणजे जवळपास आपला सव्वा महिनाच की. आपल्या घरात, आपल्या रानात राबणाऱ्या बाईला मात्र कोणी साहेब रजा देणार नाही. तिची रजा घरानंच मंजूर करायची आहे.

आधी शरीराचं सांगतो. पोट पडल्यावर आठवडा-दोन आठवडे थोडं थोडं अंगावर जातं. पण तासाला एक पॅड भिजत असेल, ताप आला, घाण वास येऊ लागला, पोटात फार दुखलं किंवा चक्कर आली, तर उद्यावर ढकलू नका, लगेच दवाखाना गाठा. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर एक इंजेक्शन लागू शकतं आणि ते 72 तासांच्या आत द्यायचं असतं. ते लागतं का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारा. रक्त तपासा. रक्त कमी असेल तर नुसत्या अशक्तपणानंही मन बसतं. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. चौथा-पाचवा महिना उलटून पोट पडलं तर दोन-चार दिवसांत छाती भरून येते, दूध येतं. बाळ नाही आणि दूध आलं, यासारखं दुःख नाही. बाई घाबरते, कुणाला सांगत नाही. हे शरीराचं चालणं आहे, त्यात अशुभ काही नाही. आधार देणारी पण न आवळणारी चोळी घाला, गार पाण्याच्या घड्या ठेवा, सारखं पिळून काढू नका. काही दिवसांत ते आटतं. छाती लाल झाली, गाठ आली, ताप आला तर दवाखान्यात जा.

आता मनाचं. प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘माझं काय चुकलं?’ हंडा उचलला म्हणून झालं का? पपई खाल्ली म्हणून? ग्रहणात भाजी चिरली म्हणून? कुणाची नजर लागली? मैत्रिणींनो, दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभर बायांपैकी साधारण दहा ते पंधरा जणींचं पोट पडतं. बहुतेक वेळा ते पहिल्या तीन महिन्यांतच होतं आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाची जडणघडणच सुरुवातीला नीट झालेली नसते. ते ना बाईच्या हातात असतं, ना बुवाच्या. रोजच्या घरकामानं, भांडणानं, नजरेनं पोट पडत नाही. दोन-तीनदा असं झालं तर तपासण्या करायच्या असतात, आणि त्या नवरा-बायको दोघांच्याही.

दुःख तर होणारच. रडू येणार, झोप उडणार. त्याला आजार म्हणायचं नाही. पण दोन आठवडे उलटून गेले, रोज बहुतेक वेळ मन उदास आहे, कशातच जीव रमत नाही, जेवण जात नाही, झोप लागत नाही किंवा उठवतच नाही, आपण कुणाच्या कामाच्या नाही असं वाटतं, तर ते डिप्रेशन असू शकतं. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. घरात तो निराळ्या रूपात दिसतो. कुणी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडते. कुणी उलट मुकाट्यानं राबत राहते आणि सगळे म्हणतात, ‘बघा, कशी सावरली.’ कुणी थोरल्या पोरावर उगीच खेकसते.

आमच्यातल्या एकीचं सांगतो. तिच्या संमतीनं सांगतो आहोत, नाव-गाव सांगणार नाही. चौथ्या महिन्यात तिचं पोट पडलं. थोरली मुलगी पाच वर्षांची. पंधरा दिवस ती रडली, मग रडणं थांबलं. घरच्यांना वाटलं, झालं, निभावलं. पण भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा आणि तवा धुरानं भरायचा. मुलगी वेणीशिवाय शाळेत जाऊ लागली. गटाच्या कर्जातून घेतलेल्या शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच. दोन बैठकांना ती आली नाही.

आमच्या गटात गैरहजेरीला वीस रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवून आम्ही दोघी-तिघी तिच्या वस्तीवर गेलो. चहा झाला. ती म्हणाली, ‘रात्री तीनला जाग येते. वाटतं, झोपले तर उठूच नये.’ अध्यक्ष वयानं मोठ्या आहेत, त्यांनी सरळ विचारलं, ‘बाई, जीव द्यावासा वाटतो का?’ ती म्हणाली, ‘कधी कधी.’

असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. विचारल्यानं माणूस मोकळं होतं आणि आपल्याला कळतं. त्या रात्री तिची जाऊ तिच्याजवळ झोपली. दिरानं डाळिंबावर फवारायची औषधं, तणनाशकाचा कॅन, सगळं शेजारच्या वस्तीवर नेऊन कुलपात ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवरा आणि आम्ही एक जण तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या, समुपदेशन सुरू केलं. पहिले आठ-दहा दिवस काही फरक नव्हता, ती म्हणाली, ‘सोडून देते.’ या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून ती थांबली. तिसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागली. बरं वाटलं म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद करायचं काढलं, तर डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने चालू ठेवायच्या, बंद करताना आम्ही सांगू तशा हळूहळू. या गोळ्या मनाच्या मनानं तोडायच्या नसतात.

पण गोळी दिवसातून एकदा घ्यायची, आणि दिवस तर मोठा असतो. तो दिवस घरानं आणि गटानं मिळून उचलला. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत तीन ओळींचा ठराव आहे. गैरहजेरीचा दंड घ्यायचा नाही. कर्जाचा हप्ता दोन महिने पुढं. सव्वा महिना सकाळच्या भाकरी गटातल्या बाया पाळीनं करतील. गटात अकरा बाया, एकीची पाळी दहा दिवसांनी आली. कुणाला जड गेलं नाही.

तिच्याकडं पहिल्या पंधरवड्यात तीनच कामं ठेवली. सकाळी उठून अंघोळ, दोन वेळचं जेवण आणि उन्हं उतरल्यावर बांधापर्यंत चालून येणं. सोबत कुणीतरी असायचं, बोललं पाहिजे असं नाही. नंतर तिलाच विचारलं, कुठलं काम घेतेस? तिनं कोंबड्यांना दाणे टाकायचं काम मागितलं. मग मुलीची वेणी. मग एका वेळची भाकरी. साडेतीन महिन्यांनी मशीनवरची चादर निघाली आणि दिवसाला एक ब्लाउज होऊ लागला. मध्ये वाईट दिवसही आले. कार्डावर बाळंतपणाची जी तारीख लिहिली होती, त्या दिवशी ती सकाळपासून उठली नाही. तारीख आम्हाला माहीत होती, म्हणून त्या दिवशी तिला कुणी ‘आता काय नवीन?’ असं विचारलं नाही. जाऊबाईंनी जेवणाचं ताट तिच्या खोलीत नेलं. अशी तारीख घरच्यांनी लक्षात ठेवावी. आशाताईंनाही आठवणीनं सांगावं, म्हणजे तपासणीला का आली नाहीस असे निरोप येत राहत नाहीत.

आता घरच्यांसाठी. सासूबाई, ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ हे तुम्ही धीर द्यायला म्हणता, पण तिला ऐकू येतं की गेलेल्याची किंमत नाही. ‘एक लेकरू आहे ना’ हेही नको. ‘काय खाल्लं होतंस?’ हे तर नकोच. ‘वाईट झालं गं बाई’ एवढं म्हणा आणि चुलीपुढची जागा घ्या. आपल्यातल्या कितीतरी सासवांचीही अशी पोटं पडली आहेत आणि त्यांनी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. सुनेजवळ एकदा बोलून बघा, दोघींचंही ओझं उतरेल.

भाऊ लोकांनो, दुःख तुम्हालाही होतं. ते दारूत बुडवू नका, तिच्याशेजारी बसा. पाणी भरणं, धुणं, पोरांची शाळा ही कामं सव्वा महिना तुमची. अंगावरून जाणं थांबेपर्यंत आणि तिच्या मनाची तयारी होईपर्यंत तिला जवळ येण्याचा आग्रह करू नका. लवकर पोट पडलं असेल तर दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात. म्हणून पुढच्या वेळेचं डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि तोवर साधन वापरा. मनाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दिवस राहावेत असं ठरलं की आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायची असते.

थोरल्या लेकराला खोटं सांगू नका. पोरं मनात धरतात, की मी आईच्या पोटावर पडलो म्हणून झालं. त्याला साध्या शब्दांत सांगा, ‘बाळ आता येणार नाही. तुझ्यामुळं नाही. आईला वाईट वाटतंय, ती बरी होणार आहे.’

आणि हळदी-कुंकू, डोहाळजेवण, बारसं? तिला परस्पर वगळू नका आणि ओढूनही नेऊ नका. आमंत्रण द्या आणि म्हणा, ‘यावंसं वाटलं तर ये, नाही आलीस तरी आमचं काही नाही.’ ती आली तर ओटी भरायला तिचा हात चालतो, हे सगळ्यांसमोर म्हणायला एक तरी वडीलधारी बाई उभी राहू दे.

ज्यांच्या घरी आत्ता अशी कुणी आहे, त्यांनी एक फोन नंबर लिहून घ्या: 14416. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तर त्या बाईला एकटी सोडू नका, फवारणीची औषधं आणि गोळ्या हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.

गटातल्या मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर वही मिटू नका. दंड नाही, हप्ता पुढं, भाकरीची पाळी, या तीन ओळी तुमच्याही इतिवृत्तात लिहून सह्या-अंगठे घ्या. आज कुणाला गरज नसली तरी लिहून ठेवा. म्हणजे जिच्यावर वेळ येईल तिला काही मागावं लागणार नाही.