यंत्राने न वाचलेली ओळ



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘संगणकाच्या आरंभीच्या भाषा’ असा जाहीर झाला आहे. तो वाचून काहींच्या पोटात गोळा आला असेल. त्यांना आरंभीच अभय देतो. मी आज गणित शिकवणार नाही. एका फोटोची गोष्ट सांगणार आहे. भाषांचा विचार तिच्या ओघात येईल.

गेल्या वर्षी माझी आत्या वारली. तिच्या ट्रंकेत माझा एक लहानपणचा फोटो निघाला. साल १९६७, वय वर्षे पाच. अंगात गडद सदरा, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला एक लांबट पांढरा कागद. कागदाचा एक कोपरा कापलेला. फोटोच्या मागे एक अक्षरही नाही.

घरात तर्क सुरू झाले. थोरली बहीण म्हणाली, “तुझं प्रगतिपुस्तक असेल.” वहिनी म्हणाल्या, “रेशनकार्ड दिसतंय.” सोलापूरचे मेव्हणे भिंग घेऊन बसले आणि म्हणाले, “अहो, याला तर भोकं आहेत! हा जॅकार्डचा पुठ्ठा.”

मेव्हणे चुकले, पण फारसे नाही. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्यात पुठ्ठ्याला भोक असेल तेथला धागा उचलला जातो, नसेल तेथला उचलला जात नाही. सोलापूरच्या चादरीवरची वेलबुट्टी याच युक्तीने उतरली. पुढे अमेरिकेत हॉलरिथ या गृहस्थाने भोकांच्याच कार्डांवर १८९० सालची खानेसुमारी मोजली. त्या कार्डाचा वंशज माझ्या हातात होता: ऐंशी स्तंभ, बारा ओळी. एका स्तंभात एक अक्षर. आकड्याला एक भोक, रोमन अक्षराला दोन.

महाविद्यालयात असताना मी अशी कार्डे हाताळली होती. तेव्हा फोटो मोठा करून घेतला. गडद सदऱ्यामुळे भोके काळी उमटली होती. डावीकडून वाचू लागलो. प्रथम ‘पाच’चा आकडा. मग एक कोरा स्तंभ. मग यू, एल, ए, बी. मग पाच स्तंभ कोरे, आणि कडेला एकटा सी. उलाब! वहिनी म्हणाल्या, “गुलाब असेल, ग राहिला असेल.” यापुढे आमची गाडी सरकेना.

येथे जरा थांबून भाषांकडे वळू. यंत्राला मुळात भाषा नाही. त्याला कळतात फक्त आकडे. आरंभी माणसालाच आकड्यांत बोलावे लागे. ही बेरीज करा, ती अमुक घरात ठेवा, असा प्रत्येक हुकूम अंकांत द्यायचा. एक अंक चुकला की सारे मुसळ केरात. १९५७ साली अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘फोरट्रान’ भाषा बाहेर आली. गणिती सूत्र पाटीवर लिहावे तसे लिहायचे, आणि त्याचे आकड्यांत भाषांतर यंत्रानेच करायचे. आज हे साधे वाटते. पण नोकराला आपली भाषा शिकवून दुभाष्याचे कामही त्यालाच सांगावे, तशी ही गोष्ट होती. पाठोपाठ कचेरीच्या हिशेबासाठी ‘कोबोल’ आली. तिच्या घडणीमागे ग्रेस हॉपर या विदुषीचे आधीचे काम होते. ‘अल्गोल’ या भाषेचे व्याकरण बॅकसने सूत्ररूपाने मांडले, आणि पुढे १९६७ साली, म्हणजे माझ्या फोटोच्याच वर्षी, इंगरमन या अभ्यासकाने सुचवले की या पद्धतीच्या नावात पाणिनीचेही नाव असावे. अष्टाध्यायीच्या देशात हे ऐकून कोणाला बरे वाटणार नाही?

आपल्याकडेही हे वारे आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेथेच बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली चालू झाला. १९६४ साली तेथे अमेरिकेहून मोठा संगणक आला, आणि त्यावर फोरट्रान चालू लागली.

या भाषेचा एक नियम आपल्या गोष्टीला लागतो. कार्डाचे पहिले पाच स्तंभ ओळीच्या क्रमांकाचे, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेचा, आणि खरे वाक्य सातव्यापासून. मात्र पहिल्या स्तंभात ‘सी’ असेल, तर यंत्र ते कार्ड गणितात धरत नाही. ती टीप. एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी लिहिलेली.

हे आठवले आणि उजेड पडला. कडेचा सी हा शेवट नव्हता, आरंभ होता. पाच वर्षांच्या पोराने कार्ड पाठमोरे धरले होते! उजवीकडून वाचा: सी, पाच स्तंभ कोरे, आणि सातव्यापासून ‘बाळू’, पुढे ‘पाच’. घरात मला बाळू म्हणत.

आत्या मुंबईत एका संस्थेत कार्डे पंच करण्याच्या नोकरीवर होती. विद्वान मंडळी कागदावर लिहून देत. ती यंत्रावर बसून त्यातले अक्षर न् अक्षर कार्डावर उतरवी. एक स्वल्पविराम चुकला तर सारा गठ्ठा परत येई. घरी कोणी विचारले, “वन्सं काय करतात?” तर उत्तर ठरलेले: “भोकं पाडतात.” सारे हसत. मोठेपणी चार बुके वाचल्यावर मीही हसलो आहे. आत्या कधी रागावली नाही. तिने कधी समजावूनही सांगितले नाही.

आज तिचा हिशेब मांडतो. तिने जन्मभर हजारो ओळी उतरवल्या, त्या साऱ्या दुसऱ्यांच्या. माझ्या हातातली तेवढी एक ओळ तिची स्वतःची. आणि ती लिहायला तिने जागा निवडली ती नेमकी यंत्र न वाचणारी. म्हणजे भाषेचा नियम तिला पुरता ठाऊक होता. भोके पाडणारी बाई भाषा जाणत होती. आम्हीच निरक्षर होतो.

या भाषांचा इतिहास सांगताना आपण बॅकसचे नाव घेतो, हॉपरबाईंचे घेतो; ते घेतलेच पाहिजे. पण त्या भाषा रोज ज्यांच्या बोटांतून वाहिल्या, त्यांची नावे कोणत्या ग्रंथात शोधायची? आपल्या घरात अशी एखादी आत्या, मावशी असेल. तारखात्यात, टेलिफोनवर, टंकलेखनात उमेद घालवलेली. ती आहे तोवर तिला विचारा, “तुम्ही नेमकं काय करत होता?” मी विचारले नाही.

एक शेवटचे सांगून आपली रजा घेतो. पंच करताना कार्डाच्या दर्शनी बाजूस वरच्या कडेला अक्षरे छापणारी यंत्रेही तेव्हा होती. तसे यंत्र तिच्याजवळ असेल, तर माझे नाव कार्डावर स्वच्छ उमटले असणार. कॅमेऱ्याकडे पाठ होती. नाव माझ्याकडे तोंड करून होते. ते वाचायला मला जवळजवळ साठ वर्षे लागली.