कुस्ती, करमणूक आणि कामगार

(लोणावळा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक कुस्तीवर बोलणार हे ऐकून आपल्यापैकी काहींनी स्मित केले, ते मी पाहिले. मी आयुष्यात एकदाच आखाड्यात उतरलो, तोही रेवड्यांच्या कुस्तीसाठी, आणि तेथेही पडलो. तेव्हा डावपेचांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. मला बोलावयाचे आहे ते मल्लाच्या श्रमावर, आणि त्या श्रमाचा धनी कोण या प्रश्नावर.

१९९२-९३ च्या सुमारास उपग्रह वाहिन्या नुकत्याच आल्या होत्या. लोणावळ्याच्या बाजारपेठेत जेथे केबल होती, तेथे संध्याकाळी मुलांची गर्दी होई. पडद्यावर अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचे अवाढव्य मल्ल एकमेकांना उचलून आपटत. मुलांच्या खिशात त्यांच्या चित्रांचे पत्ते असत. हल्क होगनची उंची आणि वजन सर्वांना तोंडपाठ. ‘सर, हे खरे की खोटे?’ असे मला एका विद्यार्थ्याने वर्गातच विचारले. ‘खोटे,’ असे प्राध्यापकी तोऱ्यात सांगून मी मोकळा झालो. ते उत्तर अपुरे होते. निकाल आधी ठरलेला असे हे खरे; परंतु आपटणारी पाठ खरीच होती.

आपली मुले ते पत्ते जमवीत होती, त्याच वर्षांत त्या कंपनीचे पडद्यामागील व्यवहार तिकडे न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत उघडे पडत होते. कुस्तीवर सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख असे. ती चुकविण्यासाठी १९८९ मध्ये कंपनीने न्यूजर्सी राज्याच्या विधिमंडळाला सांगितले की, आमचा हा खेळच नव्हे, ही करमणूक आहे. आखाड्याची अब्रू मालकानेच अशी चव्हाट्यावर मांडली, कारण तीत फायदा होता. १९९१ मध्ये मल्लांना शक्तिवर्धक स्टेरॉइड विकणारा डॉक्टर झहोरियन दोषी ठरला. १९९२ मध्ये रिंग उभारणाऱ्या पोरांनी कंपनीच्या काही माणसांवर लैंगिक छळाचे आरोप केले. १९९४ मध्ये मालक व्हिन्स मॅकमोहन यांच्यावर स्टेरॉइड प्रकरणी खटला चालला. त्यातून ते निर्दोष सुटले.

परंतु या सर्व प्रकरणांत मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच, ज्याची चर्चा सर्वांत कमी झाली. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा नावाच्या मल्लाने कपडे बदलण्याच्या खोलीत सहकाऱ्यांना सांगितले की आपण संघटना बांधली पाहिजे. ही बातमी मालकाच्या कानी गेली आणि संघटना जन्मापूर्वीच संपली. चुगली कोणी केली? पुढे व्हेंचुराने आपल्या मानधनासाठी कंपनीवर दावा लावला, तेव्हा हल्क होगनने शपथेवर कबूल केले की मालकाला आपणच सांगितले. ज्याला सर्वांत अधिक पैसा मिळत होता, त्यानेच. बाकीचे मल्ल कायद्याच्या भाषेत कंपनीचे नोकर नव्हतेच, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होते. तारखा मालक ठरवी, विजेता मालक ठरवी, आणि मोडलेल्या हाडापुरता मल्ल स्वतंत्र! आज शहरात घरोघर अन्न पोहोचविणाऱ्या तरुणांना जो शब्द ऐकविला जातो, तो हाच.

आता मावळात येऊ. आपली जत्रेतील कुस्ती ती नव्हे, हे मला मान्य आहे. येथे कोणी संगनमताने बरोबरी केली तर जाणते प्रेक्षक तत्काळ हुर्यो उडवितात. परंतु मालकीचा प्रश्न येथे सुटला आहे काय? पूर्वी इनाम गावाच्या वर्गणीतून येई. द्रुतगती महामार्ग झाला, जमिनी विकल्या गेल्या, आणि इनामाला पुरस्कर्ते मिळाले. आज ध्वनिक्षेपकावरून मल्लाचे नाव एकदा आणि इनाम देणाऱ्याचे चारदा पुकारले जाते. हलगीवाल्याला किती मिळाले, हे तर कोणी विचारीतही नाही.

पवनेच्या खोऱ्यातील माझा एक विद्यार्थी चांगला मल्ल होता. एका जत्रेत त्याचा गुडघा निखळला. त्याला नारळ आणि ठरल्यापैकी निम्मे इनाम मिळाले; इस्पितळाच्या खर्चासाठी घरची म्हैस गेली. आज तो टेम्पो चालवितो. मी त्याला त्या जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली, कारण विचारणारा तोच होता. तो म्हणाला, ‘सर, आमची कुस्ती खोटी असती तर गुडघा तरी वाचला असता.’

वरच्या पातळीवर काय दिसते? १९६१ पासून चाललेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेला आज दोन मालक आहेत. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, दुसरी संघटना उभी राहिली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले: फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा तेच. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. खरेदीदार दोन झाले की विक्रेत्याचे बळ वाढते, असे आमचे पाठ्यपुस्तक सांगते. येथे ते वाढले नाही, कारण दोन्हीकडे मल्लाला मत नाही. मत आहे ते जिल्हा संघांना, आणि तेथे कोण बसले आहेत ते आपण जाणता. अहिल्यानगरला शेजारच्या खेड तालुक्यातील राक्षेने निकालावर चिडून पंचाला लाथ मारली. तिचे समर्थन कोणी करू नये. तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. परंतु ज्यांच्या पंचाविरुद्ध तक्रार, दाद मागावयाचीही त्यांच्याकडेच, ही कसली न्यायव्यवस्था? २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक यांना जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावे लागले, ते याचमुळे. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. त्यांनी ते नाकारले आहेत. खटल्याचे व्हायचे ते होईल. तक्रारीची वही अध्यक्षाच्याच घरात असू नये, एवढे तरी आपण आजच म्हणू शकतो.

‘मल्लाला मालकच नाही, तो दर आठवड्याला निराळ्या गावी लढतो, मग जबाबदारी कोणावर टाकावयाची?’ असे मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले. हाच आक्षेप एकेकाळी हमालांबाबत घेतला जात होता. रोज निराळ्या व्यापाऱ्याचे पोते उचलणाऱ्या माणसासाठी याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मंडळ स्थापले, मजुरीवर अधिभार बसविला, त्यातून हक्क दिले. इनामाच्या रकमेवर असा अधिभार का बसू नये? दहीहंडीच्या गोविंदांना विमासंरक्षण देण्याचा निर्णय शासनाने २०२२ मध्ये घेतला. थरावरून पडणाऱ्याला विमा, आणि धोबीपछाडीने पडणाऱ्याला नारळ! शासन गौरवप्राप्त वृद्ध मल्लांना मानधन देते, ते योग्यच; पण मानधन ही कृपा असते, आणि केसरी न झालेल्या शेकडो मल्लांपर्यंत ती पोहोचत नाही.

कायदा दूर आहे. तोवर गावपातळीवर काही करता येईल. चैत्रात वडगावला पोटोबाची आणि तळेगावला डोळसनाथाची जत्रा भरेल. जोड ठरविताना प्रत्येक मल्लाचे नाव वहीत यावे, त्या दिवसापुरता त्याचा विमा उतरविला जावा आणि आखाड्याशेजारी डॉक्टर असावा, एवढीच मागणी उत्सव समित्यांकडे करावयाची आहे. ‘विमा कशाला, इनामच वाढवून देतो,’ असे उत्तर येईल; त्याची तयारी ठेवा. जुन्या वस्तादांना बरोबर घ्या, आपण एकटे गेलो तर कोणी ऐकणार नाही. निवेदनाचा मसुदा मी करून आणला आहे. चहानंतर तो वाचू आणि कोण कोणत्या गावी जाणार ते ठरवू.