फिलॉक्सेरा आणि द्राक्षाचा खुंट

बोर्दो, बर्गंडी किंवा शॅम्पेनच्या मळ्यांत आज दिसणारी जवळजवळ प्रत्येक वेल दोन वेलींची मिळून झालेली असते. वरचा भाग युरोपी द्राक्षाचा, म्हणजे व्हिटिस व्हिनिफेराचा. मुळे मात्र अमेरिकेतल्या रानवेलीची किंवा तिच्या संकराची; या खालच्या भागालाच खुंट म्हणतात. वाइनला नाव मिळते ते वरच्या वेलीचे, त्यामुळे वाइनवरच्या लेखनात खुंटाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. हा खुंटावर अन्याय आहे. एकोणिसाव्या शतकात तो हाती लागला नसता, तर युरोपातले बहुतेक जुने द्राक्षमळे आज उरलेच नसते.

1860 नंतरच्या काही वर्षांत दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात, वेली अकाली पिवळ्या पडून वाळू लागल्या. मळ्यात आधी चार-दोन वेली जात, पुढच्या हंगामात त्यांच्या भोवतीच्या, आणि वाळलेला पट्टा दरवर्षी रुंदावत जाई. मेलेली वेल उपटून पाहिली तर मुळे काळी, कुजलेली; कीड मात्र कुठेच नाही. जुलै 1868 मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सें-रेमीजवळच्या मळ्यात मेलेल्या वेलींऐवजी त्यांच्या शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या वेलींची मुळे खणून काढली. भिंगाखाली त्या मुळ्यांवर पिवळसर, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, माव्याच्या जातीचे असंख्य कीटक रस शोषताना दिसले. वेल मरणाला टेकली की कीड तिला सोडून शेजारच्या मुळांवर जाते. म्हणूनच ती इतके दिवस सापडली नव्हती. शोधाची दिशा बदलण्याचा हा निर्णय शेतीच्या इतिहासात फार मोलाचा आहे.

ही कीड म्हणजे फिलॉक्सेरा, मूळची उत्तर अमेरिकेची. तिकडून हौसेने आणि प्रयोगासाठी आणलेल्या रोपांबरोबर ती युरोपात आली. वाफेच्या जहाजांनी प्रवासाचे दिवस कमी केल्यामुळे मुळांवरची कीड वाटेत जिवंत राहू लागली असावी. अमेरिकेतल्या वेली या किडीच्या सोबतीनेच वाढलेल्या आहेत. कीड चावते तिथे त्यांच्या मुळात बुचासारखा थर तयार होतो आणि जखम आतपर्यंत जात नाही. युरोपी वेलीला हे साधत नाही. तिच्या कोवळ्या पांढऱ्या मुळीवर गाठी येतात, जाड मुळांना जखमा होतात, जखमांतून बुरशी शिरते आणि मूळ सडते. त्यात मादी नराशिवायही अंडी घालते, एका हंगामात अनेक पिढ्या होतात.

फ्रान्सचे वाइन-उत्पादन 1875 मध्ये सुमारे 8.4 कोटी हेक्टोलिटर होते; 1889 मध्ये ते 2.4 कोटींच्याही खाली आले. सरकारने उपायासाठी तीन लाख फ्रँकचे बक्षीस लावले. ज्यांना परवडले त्यांनी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचले. ते विषारी, ज्वालाग्राही आणि दरवर्षी द्यावे लागणारे. सपाट जमीन आणि पाणी असलेल्यांनी हिवाळ्यात काही आठवडे मळे पाण्याखाली ठेवले. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत कीड पसरत नाही, म्हणून तिथे नव्या लागवडी झाल्या. डोंगरउतारावरच्या लहान शेतकऱ्याला यातले काहीच जमण्यासारखे नव्हते.

टिकाऊ उपाय निघाला तो कीड जिथून आली तिथलाच. अमेरिकन खुंटावर युरोपी काडीचे कलम केले, तर मूळ तग धरते आणि फळ आपल्या जातीचेच येते. बोर्दोचे बागायतदार लेओ लालिमां यांनी अमेरिकन वेली टिकतात हे दाखवले, प्लांशोंचे सहकारी गास्तों बाझील यांनी कलमाचा आग्रह धरला, मिसुरीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी दोन्ही खंडांतली कीड एकच असल्याची खात्री केली. तरी वाइनची चव बिघडेल या भीतीने बर्गंडीत अमेरिकन वेलींवर 1887 पर्यंत बंदीच होती.

त्यातही एक मोठी अडचण आली. रिपारिया आणि रुपेस्ट्रिस या अमेरिकन जातींचे खुंट कोन्याक आणि शॅम्पेनच्या चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडू लागले, कारण तिथे त्यांना लोह घेता येईना. चुनखडीत टिकणाऱ्या वेलीच्या शोधात 1887 मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ प्येर व्हियाला यांना अमेरिकेत पाठवण्यात आले. टेक्सासमधील डेनिसनचे द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी बर्लांडिएरी ही रानवेल दाखवली. तिची काडी सहज मुळे धरत नाही, म्हणून तिचे संकर करावे लागले. युरोपी शास्ला आणि बर्लांडिएरी यांचा 41 बी हा संकर फ्रान्सच्या चुनखडीत आजही लावला जातो.

अमेरिकन खुंटांवर झालेल्या या पुनर्लागवडीत काही युरोपी जाती मागे पडल्या. बोर्दोतून जवळपास नाहीशी झालेली कार्मेनेर 1994 मध्ये चिलीत, मर्लो समजून वाढवलेल्या वेलींमध्ये ओळखली गेली. चिलीत फिलॉक्सेरा पोचलेली नाही. खुंटाची निवड चुकली की काय होते हे कॅलिफोर्नियाने पाहिले. एएक्सआर-1 या खुंटात अर्धा वंश व्हिनिफेराचा होता. 1980 नंतरच्या दशकात नापा आणि सोनोमात तो किडीला बळी पडला आणि हजारो एकर नव्याने लावावे लागले.

महाराष्ट्रातही नाशिक-सांगलीचा बागायतदार आज खुंटावरच बाग उभी करतो, पण कारण निराळे आहे: पाण्याची टंचाई आणि जमिनीतले-पाण्यातले क्षार. इथला सर्वपरिचित डॉगरीज हा टेक्सासमधला, मन्सन यांनीच निवडलेला खुंट. आधी खुंटाचे जंगली रोप लावतात. पावसाळ्याच्या अखेरीस त्याचा शेंडा छाटून, खोडाला मधोमध चीर देऊन, हव्या त्या जातीची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. दोन्हींची हिरवी साल एका बाजूला तरी नेमकी जुळली पाहिजे, नाहीतर कलम धरत नाही. डॉगरीज जोमदार असल्याने पाला माजतो आणि घडनिर्मितीला फटका बसू शकतो. म्हणून वाइनच्या जातींसाठी बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा संकर असलेला 110 आर हा मध्यम वाढीचा खुंटही वापरला जातो. त्यावर पाला आवरता येतो आणि घडापर्यंत ऊन-वारा पोचतो.