ओढ्याकाठचे घर

श्रोतेहो, ओढ्याकाठी नवे घर बांधताय? दगड, माती, लाकूड जरूर वापरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात माळवदाखालचा गारवा पत्र्याखाली कुठला! मात्र काठची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत न्या, जोते पुराच्या खुणेवर घ्या.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवा. भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींचे दोन पदर सुटले, मातीचे जड छत झोपलेल्या माणसांवर आले. दोष मातीचा नव्हे हो! पदर सांधणारे आरपार लांब दगडच बहुतेक भिंतींत नव्हते. ते गवंड्याकडून, स्वतः उभे राहून, घालून घ्या. माळवदावर दरसाल मातीचा थर चढवू नका. जुनी माती आधी उतरवा.