शब्दांतील संख्या, अंकांतील संख्या
(पालक मेळाव्यातील भाषण)



चेकवर रक्कम दोनदा लिहावी लागते, अक्षरांत आणि अंकांत. दोन्हींत तफावत पडली तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ अक्षरी रक्कमच खरी मानते. तेव्हा शब्दांतील संख्या बिनचूक अंकांत उतरविणे ही केवळ परीक्षेतील दोन गुणांची बाब नव्हे.

'फोर थाउजंड सेव्हन' ऐकून पुष्कळ मुले ४०००७ लिहितात. ४००० लिहून पुढे ७ चिकटवितात. येथे त्यांना रागावून भागणार नाही. शब्दांच्या दोन जाती आहेत हे समजावून दिले पाहिजे. सेव्हन, फिफ्टीन, फॉर्टी हे मिळवायचे शब्द. हंड्रेड, थाउजंड, मिलियन हे गुणायचे शब्द.

पाटीवर दोन रकाने आखा, 'चालू' आणि 'जमा'. मिळवायचा शब्द आला की तो चालूत मिळवा. हंड्रेड आला की चालूला १०० ने गुणा. थाउजंड आला तर १००० ने, मिलियन आला तर १०,००,००० ने चालूला गुणून उत्तर जमेत टाका आणि चालू पुन्हा शून्य करा.

उदाहरण घेऊ: 'टू मिलियन थ्री हंड्रेड फाइव्ह थाउजंड फॉर्टी'. टू मिलियन म्हणताच जमा २०,००,०००. पुढे थ्री हंड्रेड म्हणजे चालू ३००, फाइव्ह मिळून ३०५. थाउजंड येताच ३,०५,००० जमेत गेले. उरले चालू ४०. एकूण २३,०५,०४०. कोठे किती शून्ये द्यावीत हा घोळच उरला नाही. आपल्या लाखालाही हीच रीत. फक्त १,००,००० ने गुणायचे.

अशा पायरीपायरीच्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदाद येथे हिंदी अंकगणितावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. त्या ग्रंथाच्या लॅटिन रूपांतराने स्थानमूल्याची पद्धत युरोपात पोहोचण्यास मोठी मदत झाली.

पालकांना एकच विनंती. आपणांस इंग्रजी येत नसेल तर संकोच करू नका. रात्री जेवणानंतर 'चार हजार सात' असे मराठीत किंवा उर्दूत म्हणा आणि मुलाकडून ते अंकांत लिहवून घ्या. भाषा कोणतीही असो, सात एककाच्याच घरात बसला पाहिजे. ४००७ बरोबर आले की इंग्रजी शब्दही त्याला अवघड वाटणार नाहीत.